बोटिम: सक्करदऱ्याहून दुबईला, रोज रात्री 11 वाजता

मी 14 वर्षं एसटीडी-आयएसडी-पीसीओ, म्हणजे परगावी आणि परदेशी फोन लावून द्यायचा बूथ, चालवला. नागपूरला सक्करदरा चौकाजवळ, 1993 ते 2007. फोनवरच्या मिनिटाला काय किंमत असते हे माझ्या अंगात मुरलेलं आहे, आणि बोटिम या इंटरनेटवरून कॉल करायच्या अ‍ॅपबद्दल लिहितोय तेही त्याच नजरेनं.

मुलगी 2018 ला दुबईला गेली. जावई बांधकाम कंपनीत, नात तिथंच जन्मली. जाताना आम्हाला काही काळजी वाटली नाही. व्हॉट्सअ‍ॅप आहे, रोज बोलू, असं धरून चाललो होतो. पहिल्या रात्री कॉल लावला. रिंग गेली, तिनं उचललाही, पण आवाज येईना. दोन्हीकडून नुसतं हॅलो हॅलो. मला वाटलं आपल्याच वायफायचं काही झालं. राऊटर तीनदा बंद-चालू केला. शेवटी तिचा मेसेज आला, "बाबा, इथं व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल चालत नाही."

तिकडचा नियमच तसा आहे. यूएईत इंटरनेटवरून फोनची सेवा द्यायची तर ती एतिसलात (आता ई-अँड) आणि डू या परवानाधारक कंपन्यांमार्फतच, किंवा सरकारनं परवानगी दिलेल्या अ‍ॅपवरून. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, फोटो जातो, रेकॉर्ड केलेला आवाज जातो; कॉल जात नाही. ज्यांची मुलं तिकडे निघाली आहेत त्यांनी हे तिकीट काढायच्या आधी समजून घ्यावं, आणि मुलं घरात असतानाच आईवडिलांच्या फोनमध्ये बोटिम टाकून, एकदा कॉल करून बघावा. आमचे पहिले आठ दिवस नुसत्या मेसेजवर गेले. तिची आई रोज रात्री तोच एक रेकॉर्ड केलेला आवाज परत परत ऐकायची.

त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या कंपन्यांनी इंटरनेट कॉलिंगचा प्लॅन काढला होता: मोबाइलसाठी महिन्याला 50 दिरहम, घरच्या इंटरनेटसाठी 100. त्यात बोटिम चालायचं. मुलीनं 50 वाला घेतला. तेव्हाच्या भावानं नऊशे रुपयांच्या आसपास. ती म्हणाली, महाग आहे. मी मनात हिशेब केला. नव्वदच्या दशकात माझ्या बूथवरून परदेशाचं एक मिनिट 50-60 रुपयांना पडायचं. म्हणजे नऊशे रुपयांत पंधरा-अठरा मिनिटं. इथं महिनाभर हवं तेवढं. मी म्हटलं, घे.

माझ्याकडे ताजबागेकडून एक चाची यायच्या. मुलगा रियाधला. मुठीत शंभराची नोट घडी करून आणायच्या आणि केबिनमध्ये शिरायच्या आधीच सांगायच्या, "भैया, सौ होते ही काट देना." मीटरवर लाल आकडे पळायचे. त्या मुलाशी बोलायच्या, पण डोळे सगळा वेळ त्या आकड्यांवर. तब्येत कशी, पैसे मिळाले, बहिणीचं लग्न ठरलं, ठेवते. तिकडचा आवाज अर्ध्या सेकंदानं यायचा, त्यामुळे दोघं एकाच वेळी बोलायचे आणि एकाच वेळी थांबायचे. त्यातही पैसे जायचे. बाहेर येऊन स्लिप बघायच्या आणि तिथंच बाकावर थोडा वेळ बसून राहायच्या. मी शंभरवर कधी जाऊ दिलं नाही. दोन-चार रुपये वर गेले तर सोडून द्यायचो. पण हातातला फोन मला काटावा लागायचा, आणि ते काम मला शेवटपर्यंत आवडलं नाही.

1 एप्रिल 2002 ला परदेशी फोनवरची सरकारी विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली, दुसऱ्या कंपन्या आल्या, भाव खाली आले. मग घरोघरी मोबाइल आले आणि माझा बूथ बंद झाला. धंदा गेला याचं वाईट वाटलं, भाव उतरल्याचं नाही.

आता अ‍ॅपबद्दल. घ्यायला सोपं आहे. आपला नंबर टाकायचा, ओटीपी येतो, झालं. (हा ओटीपी कोणी फोनवर मागितला तर द्यायचा नाही, तो कंपनीचा माणूस आहे म्हणाला तरी.) दोन्हीकडे अ‍ॅप असलं की कॉलचे वेगळे पैसे इथं लागत नाहीत, फक्त नेट खर्च होतं. आवाजाच्या कॉलला नेट फार कमी लागतं, व्हिडिओला बरंच जास्त. मे महिन्यात आमच्याकडे लाइन गेली की वायफाय जातं. तेव्हा मोबाइलच्या नेटवर साधा आवाजाचा कॉल करतो, आणि तो स्वच्छ लागतो. व्हिडिओ मात्र वायफायवरच करावा. तिकडच्या प्लॅनचे नियम बदलत राहतात, तो खर्च तिकडच्या माणसानं बघून घ्यावा.

सुरुवातीला एक अडचण आली. मुलीचा कॉल यायचा आणि माझा फोन वाजायचाच नाही. नंतर बघावं तर चार मिस्ड कॉल. दोष माझ्या हँडसेटच्या सेटिंगचा निघाला. बॅटरी वाचवायला तो मागे चालणारी अ‍ॅप झोपवून टाकत होता. सेटिंगमध्ये बॅटरीच्या भागात जाऊन बोटिमवरचं बंधन काढलं, नोटिफिकेशन चालू केलं, तेव्हापासून एक कॉल चुकला नाही. गल्लीतल्या तीन घरी मी स्वतः जाऊन हे करून दिलं आहे. माझ्या वयाच्या माणसांनी अ‍ॅप खराब म्हणून काढून टाकण्याआधी एवढं जरूर करावं.

मर्यादा सांगतो. समोरच्याकडे अ‍ॅप नसेल तर हा फुकट कॉल होत नाही. माझी थोरली बहीण उमरेडला असते, तिच्याकडे बटणाचा डब्बा फोन. भाचीशी बोलायचा तिचा फार जीव. मग मी काय करतो, एका मोबाइलवर बोटिम स्पीकरवर ठेवतो, दुसऱ्यावरून ताईला साधा कॉल लावून तोही स्पीकरवर, आणि दोन्ही फोन टेबलावर समोरासमोर ठेवून देतो. थोडा घुमतो आवाज, पण ताई अर्धा तास बोलते. पोरगी तिकडून विचारते, "आत्या, काय करून राहिली?" आणि ताई मुंगाच्या वड्या वाळत घातल्यापासून सगळं सांगते.

पुण्याचा मुलगाही सोबत हवा असला, म्हणजे दिवाळीला किंवा महालक्ष्म्यांच्या दिवशी, तर आम्ही झूम लावतो. तेही तिकडे चालतं. फुकटात 40 मिनिटं मिळतात, पुन्हा जोडावं लागतं. रोजच्यासाठी ते जड पडतं.

काही लोक सांगतात, व्हीपीएन (आपण कुठून नेट वापरतोय ते लपवणारं अ‍ॅप) टाका आणि व्हॉट्सअ‍ॅपच वापरा. आपल्या पोरांना हा सल्ला देऊ नका. व्हीपीएन वापरून गुन्हा केला किंवा लपवला तर तिथल्या कायद्यात 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड आहे. नोकरीवर गेलेल्या मुलानं त्या वाटेला जाण्याचं काही कारण नाही, हक्काचा रस्ता असताना. इमो हे असंच दुसरं कॉलचं अ‍ॅप आखातातल्या बऱ्याच घरांत होतं, आमच्या शेजारीही. मे 2023 मध्ये आपल्या केंद्र सरकारनं 14 मेसेंजर अ‍ॅप बंद केली त्यात ते आलं.

आणखी एक गोष्ट, ही मी पीसीओवाला म्हणून सांगतो. मुलीच्या एका ओळखीच्या बाईंनी तिकडे कुठून तरी अगदी स्वस्त कॉलिंग कार्ड घेतलं होतं. त्यावरून फोन आला की इकडे स्क्रीनवर भारतातलाच कुठला तरी मोबाइल नंबर दिसायचा, दर वेळी वेगळा. बाहेरून येणारा फोन इथं पोचवायला इथल्या कंपनीला मिनिटाला काही पैसे द्यावे लागतात. ते चुकवायला काही लोक एका खोलीत सिमकार्डांचा डबा मांडून बसतात आणि परदेशी फोन लोकल करून सोडतात. हा गुन्हा आहे. असा नंबर दिसला तर समजा, कार्ड त्यातलं आहे. बोटिमवर मुलीचं नाव आणि फोटो दिसतो, आणि आमच्या घरात ते महत्त्वाचं आहे, कारण अनोळखी नंबर आमची ही उचलतच नाही. एकदा परदेशी नंबरचा मिस्ड कॉल आला तेव्हा पोरगीच असेल म्हणून हिनं उलटा लावला होता. दोन मिनिटांत बॅलन्स साफ. तेव्हापासून दोघांच्याही सिमवर आयएसडी बंद करून घेतलं आहे.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा ताईच्या डब्बा फोनसाठी राखून ठेवला.

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. नात नऊला झोपते, पोरीचं आवरून साडेनऊ होतात, तेव्हा आपल्याकडे 11. बूथवर याच वेळेला सर्वांत जास्त गर्दी असायची, कारण एसटीडीला रात्री 11 नंतर पाव दर लागायचा. लोक जेवून, चपला घालून, नंबर लिहिलेली चिठ्ठी घेऊन उभे असायचे. आता त्या वेळेला मी खुर्ची खिडकीशी ओढतो आणि फोन लावतो. बोलणं पाच-सात मिनिटांत संपतं. मग ती ओट्यापाशी फोन उभा करून सकाळच्या डब्याची भाजी चिरते, मी इकडे पेपर उघडतो. काल मेथी होती. वीस मिनिटं कोणीच काही बोललं नाही, आणि फोन चालू होता.