फोर्जिंगवाल्याने घेतलेला फोर्ज्ड सेट

नाशकात कुणाला सांगितलं की मी गोल्फ खेळतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला, "गोल्फ क्लबवर का?" आता त्या मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, १९०९ साली कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या कान्हेऱ्यांचं. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी ट्रॅकवर लोक चालतात, गोल्फ तेवढा कुणी खेळत नाही. नाव मात्र अजून गोल्फ क्लबच. मग मला गावाबाहेरचा कोर्स समजावून सांगावा लागतो, आणि तोवर समोरच्याचा रस संपलेला असतो. थोडक्यात, या गावात आयर्न (गोल्फच्या पोलादी हेडच्या, नंबर लावलेल्या काठ्या, म्हणजेच क्लब) घ्यायचे तर सल्ला विचारायला माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही आपल्यासारखीच हौशी. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

माझं सांगायचं तर सातपूरला एका फोर्जिंग शॉपमध्ये एकतीस वर्षं काढली. हॅमरवर सुरुवात, शेवटची बारा वर्षं क्वालिटीत. गोल्फ पन्नाशीनंतर लागला. सेट घेतला तेव्हा हँडिकॅप १९ (जितका कमी तितका खेळ चांगला), उंची पाच फूट चार इंच, आणि डाव्या कानाला ऐकू कमी येतं. ही तिसरी गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

पहिला सेट मी दुकानातून उचलला होता, रॅकवर होता तसा. स्टेनलेसचं कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेलं, हेड, रुंद सोल (हेडचा तळ), मागे भरपूर पोकळी. विकणाऱ्याने माझी उंची विचारली नाही की मनगट मोजलं नाही, "बिगिनरला हाच बेस्ट" म्हणून बिल फाडलं. सात वर्षं त्याने खेळलो आणि सात वर्षं माझा चेंडू डावीकडे गेला. वाकडा वळून नव्हे, निघतानाच डावीकडे. शिकवणाऱ्यांनी ग्रिप बदलली, खांदे बदलले, पाय बदलले. माझ्या कॅडीने काहीच बदललं नाही. तो सातव्या होलवर शांतपणे सांगायचा, "साहेब, त्या आंब्याच्या उजव्या फांदीवर धरा." एकदा त्याने डिव्हट, म्हणजे फटक्याने उखडलेली माती, दाखवून म्हटलं, "तुमचा क्लब टाचेकडून माती काढतो बघा, पुढून नुसतं गवत चाटतो." मी हसून सोडून दिलं. क्वालिटीवाल्याने पुरावा हातात असताना हसावं, याची आता लाज वाटते.

टाच रुतते आणि टो (हेडचं पुढचं टोक) हवेत राहतो याचा अर्थ क्लबचा लाय माझ्यासाठी फार उभा आहे. लाय म्हणजे सोल जमिनीवर सपाट टेकलं असताना शाफ्ट, म्हणजे दांडा, जमिनीशी करतो तो कोन. टो वर राहिला की क्लबफेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, डावीकडे बघू लागतो, लॉफ्ट (फेस मागे झुकलेला असतो तो कोन) जितका जास्त तितका जास्त. हे कळल्यावर मी अक्कल चालवली. जुना सात नंबर घेऊन एका मित्राच्या टूलरूममध्ये गेलो, हेड व्हाइसमध्ये धरलं आणि पाइप लावून वाकवायला गेलो. होजेल, म्हणजे शाफ्ट बसतो ती हेडची मान, कटकन तुटलं. १७-४ स्टेनलेस, उष्णता देऊन कडक केलेलं! ज्या धातूबद्दल मी पोरांना ट्रेनिंग दिलं, तोच धातू मी भाजी मोडावी तसा मोडायला निघालो होतो. मित्राच्या पोराने तुकडे उचलून विचारलं, "काका, हे वेल्ड करायचंय का?"

तर फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेल्या, आयर्नकडे मी वळलो ते या तुटलेल्या होजेलपायी, कारण त्यांचं मऊ पोलाद न तुटता वाकतं. जाहिरातीत लिहितात त्या 'बटरी फील'साठी नव्हे.

त्या फीलबद्दल जरा बोलतो, कारण हा माझा विषय आहे. फोर्ज्ड हेड म्हणजे साधारण ०.२ ते ०.२५ टक्के कार्बनचं मऊ पोलाद. आमच्याकडे रोज चालणारं ईएन-८ याहून बरंच कडक. गज तापवायचा, डायमध्ये दोन-तीन टप्प्यांत ठोकायचा, फ्लॅश ट्रिम करायची, मग मशीनिंग, पॉलिश, प्लेटिंग. 'ग्रेन फ्लो' हा शब्द जपानी कंपनी मिझुनो मोठ्या अक्षरात छापते. तो खोटा नाही. क्रँकशाफ्ट कापून, घासून, गरम आम्लात बुडवला की धातूच्या रेषा भाताच्या पेंढीसारख्या वळलेल्या दिसतात. हजारो वेळा बघितल्यात. पण त्या रेषांचा उपयोग लक्षावधी फेऱ्यांचा ताण सोसायला होतो. आठवड्याला दोनशे चेंडू मारणाऱ्या माणसाच्या सात नंबरला त्याने काय फरक पडणार? चेंडू फेसला चिकटून असतो सेकंदाचा जेमतेम दोन-हजारावा भाग. हाताला झटका कळेपर्यंत तो निघून गेलेला असतो. मग उरतो आवाज.

हे तपासायची संधी मिळाली. खेळाडूच्या मापाने क्लब बसवून देणारा फिटर मुंबईहून आला होता, आमच्या कोर्सच्या रेंजवर दोन दिवस, सोबत हेड आणि शाफ्टची पेटी आणि चेंडूमागे ठेवायचं रडारचं यंत्र. मी कंपनीतले जुने इअरप्लग खिशात घालूनच गेलो होतो. तीन फोर्ज्ड आणि एक कास्ट, चारही हेडने आधी उघड्या कानांनी मारलं आणि कोणतं गोड ते सांगितलं. मग प्लग घातले, नजर चेंडूवर ठेवली आणि फिटरला म्हटलं, न दाखवता हातात दे. दहापैकी चार वेळा मी कास्टला फोर्ज्ड म्हणालो. "सर, असं पहिल्यांदाच कुणी करतंय," तो म्हणाला. गोरा-गोमटा, तिशीचा पोरगा, थोडा दुखावला होता बहुतेक. आता माझा डावा कान तसाही हॅमरने खाल्लेला, म्हणजे फीलसाठी जादा पैसे मोजणारा मी गिऱ्हाईकच नव्हे. तुमचे कान शाबूत असतील तर तुमचा निकाल वेगळा लागू शकतो.

फिटिंग मात्र खणखणीत झालं. दोन तास. उभं करून मनगटापासून जमिनीपर्यंत टेपने मोजलं, बोटं मोजली. मग चेंडूवर मार्करने उभी रेघ ओढायची, ती रेघ फेसच्या दिशेने ठेवायची आणि मारायचं. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. तो सरळ उभा आला तर लाय बरोबर. माझा ठसा चक्क तिरका, वरचं टोक टोच्या बाजूला झुकलेलं. अर्ध्या मिनिटात, शून्य रुपयांच्या मार्करने, सात वर्षांच्या रोगाचं निदान! फिटरने दोन अंश फ्लॅट, म्हणजे कमी उभं, केलेलं हेड लावलं. पहिला चेंडू सरळ गेला तेव्हा मी वळून कॅडीकडे बघितलं. तो आकाशाकडे बघत होता.

कुठे आदळला ते बघायला फेसवर टाल्कम पावडरही मारली त्याने. माझे ठसे रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात येतात अशी माझी समजूत होती. वाटीएवढे आले.

आकडे सांगतो, पण ते माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. जुन्या सेटमधला सात नंबर तुटलेला, म्हणून तसंच, २९ अंश लॉफ्टचं कास्ट हेड लावून सुरुवात केली. कॅरी (चेंडू हवेतून जातो ते अंतर) १३८ यार्ड, स्पिन मिनिटाला ४,३०० फेऱ्या, खाली उतरतानाचा कोन ३६ अंश. मी खूश. फिटर म्हणाला, "सर, हा जातो लांब, पण ग्रीनवर थांबतो का?" नाही थांबत. कधीच नाही थांबला. आजकाल सात नंबर म्हणून जे विकतात त्याचा लॉफ्ट कंपन्यांनी इतका कमी केलाय की नंबर सातचा आणि काम जुन्या पाचचं. टायटलिस्टच्या टी-१०० चा सात नंबर ३४ अंशांचा, देखणा, बारीक. तो मारला तर मधोमध लागल्यावर १२४, टोवर लागल्यावर १११. देखणेपण परवडण्यासारखं नव्हतं. स्रिक्सनचं झेडएक्स-५ मार्क टू ३१ अंशांचं, मऊ पोलादाच्या अंगावर वेगळ्या, कडक पोलादाचा फेस. टोवर लागला तरी फार लांबी जात नव्हती. चांगलं आहे, सोल मातीत अडकत नाही, आमच्या पावसाळी मातीत तर वरदान. शेवटी मिझुनो प्रो २४३ वर आलो, ३२ अंश. कॅरी १३३, स्पिन ५,६००, उतरण्याचा कोन ४२. पाच यार्ड गमावले आणि चेंडू थांबायला लागला. या सेटमध्ये सात नंबरपर्यंतची हेड क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) पोलादाची आणि आठपासून पुढची मऊ कार्बन पोलादाची आहेत. लांबच्या क्लबमध्ये फेस पातळ करून वेग मिळवायचा तर धातू चिवट लागतो. हा निर्णय ज्या इंजिनिअरने घेतला त्याला मी चहा पाजीन. क्रोमच्या खाली तांब्याचा एक पातळ थर दिलाय, फीलसाठी म्हणे. ते वाचून मला आमच्या तांबट लेनची आठवण झाली. तिथले कारागीर सांगतील की तांबं ठोकून ठोकून कडक होतं आणि पुन्हा मऊ करायला भट्टीत घालावं लागतं. त्या थराचा माझ्या फटक्यावर काय परिणाम होतो, ते माझ्या इअरप्लगांना विचारा.

शाफ्टच्या बाबतीत मी मूर्खपणा करायच्या बेतात होतो. स्टिफ, म्हणजे कमी वाकणारा, हवा, असं मी आल्याआल्या जाहीर केलं होतं, कारण ग्रुपमध्ये सगळे स्टिफ वापरतात. फिटरने वाद घातला नाही. १३० ग्रॅमच्या आसपासचा डायनॅमिक गोल्ड एस-३०० दिला आणि वीस चेंडू मारायला लावले. पंधराव्या चेंडूला मी घामाघूम, चेंडू उजवीकडे. मग निप्पॉनचा ९५०, शंभर ग्रॅमच्या आतला, रेग्युलर. तोही स्टीलच, पण हातात बॅट जाऊन रॅकेट आल्यासारखं. दोन चेंडूंत विषय संपला. लांबी पाव इंच कमी, ग्रिप स्टँडर्डच. माझा हात लहान आहे, ते मला माहीत होतं.

पैशांचं. फिटिंगची फी वेगळी घेतली आणि सेट घेतल्यावर बिलातून वजा केली, हे ठीक. सहा नंबर ते पिचिंग वेज एवढे पाचच क्लब घेतले. फिटर स्वतःच म्हणाला, चार-पाच नंबर आयर्नऐवजी हायब्रिड (मारायला सोपे, जाड हेडचे क्लब) ठेवा. जास्तीचे दोन क्लब गळ्यात मारले नाहीत, याचे गुण देतो. किंमत जुन्या सेटच्या दुपटीपेक्षा जास्त. नेमका आकडा लिहीत नाही, कारण घरी सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यांत तफावत आहे आणि हे घरीही वाचलं जातं.

आता तक्रार. सेट आठ आठवड्यांनी येणार होता, तेरा आठवड्यांनी आला. दर फोनला "सर, पोर्टवर आहे." ते एक वेळ सोडा. क्लब आल्यावर मी इन्स्पेक्शन रिपोर्ट मागितला, तर पलीकडे शांतता. मग त्याच मित्राच्या टूलरूममध्ये (तुकडे अजून शेल्फवर ठेवलेत त्याने, मुद्दाम) सरफेस प्लेटवर व्ही-ब्लॉक आणि बेव्हल प्रोट्रॅक्टर घेऊन बसलो. सहा, सात, नऊ बरोबर. आठ नंबर दोन अंशांऐवजी जेमतेम अर्धा अंश फ्लॅट, पिचिंग वेजचा लॉफ्ट एक अंश कमी. आठचा लाय जवळपास कारखान्यातून आला तसाच, म्हणजे ऑर्डर कुणीतरी अर्धवट वाचली. फोटो पाठवले. आधी "तुमची मोजायची पद्धत वेगळी असेल" असं उत्तर आलं. मग मी टूलरूममधल्या त्या प्रोट्रॅक्टरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट पाठवलं. दुसऱ्या दिवशी फिटरचा फोन, माफी, आणि दोन्ही क्लब कुरिअरने नेऊन, वाकवून, दहा दिवसांत परत. पैसे घेतले नाहीत. आणि हे दोन्ही न तुटता वाकले, म्हणून तर मऊ पोलाद घेतलं होतं.

सर्वांकडे सरफेस प्लेट नसते, मान्य. पण क्लब आल्यावर प्रत्येक नंबरने मार्करच्या रेघेची चाचणी घरी करता येते. सातने केली म्हणून आठ बरोबर असेल, असं धरू नका.

चार महिने झाले. हँडिकॅप १९ चा १७ झालाय. टॉप (चेंडूच्या वरच्या भागाला लागणारे फटके) मारायचे ते अजून मारतो, त्यावर फिटिंगचा इलाज नाही. मऊ धातूवर बॅगेत आपटून आपटून बारीक खड्डे पडायला लागलेत. स्कूटरवर बॅग आडवी नेणाऱ्यांनी कव्हर घ्यावीत. पावसात खेळल्यावर मी फेस पुसून ठेवतो, ग्रूव्हच्या (फेसवरच्या खाचांच्या) कडांना क्रोम झिजलं की खालचं कार्बन पोलाद गंजणारच. रेंजवरच्या मॅटवरून रोज मारलं तर लॉफ्ट-लाय थोडे सरकतात. जे वाकवता येतं ते आपोआपही वाकतं. म्हणून वर्षातून एकदा मोजायचे, मी दिवाळीनंतरचा मुहूर्त धरलाय.

ज्याला महिन्यातून एकदा खेळायचं आहे त्याने हा खर्च करू नये. त्याने फक्त फिटिंग करून घ्यावं आणि लाय वाकवता येईल असा साधा सेट घ्यावा. असे कास्ट सेटही मिळतात, ४३१ स्टेनलेसचे. विचारून घ्या, आणि स्वतः व्हाइसमध्ये घालू नका.

नव्या सेटच्या पहिल्या राउंडला सातव्या होलवर उभा राहिलो. कॅडी सवयीने म्हणाला, "साहेब, आंब्याची उजवी फांदी." मीही सवयीने तिथेच धरलं. चेंडू बरोबर त्या उजव्या फांदीवरून गेला आणि पलीकडच्या बंकरमध्ये पडला. कॅडी बराच वेळ चेंडूकडे, मग माझ्याकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "आता मला नवं शिकावं लागंल."