जॉली बॉय, एलिफंट बीच की नॉर्थ बे? अंदमानातला एक दिवस कुठे खर्च करावा

अंदमानला निघालेल्या मराठी घरात पहिला दिवस ठरलेलाच असतो. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळी तिथलाच लाईट अँड साउंड शो. वादावादी सुरू होते ती पुढच्या दिवसांवरून. बोटीने एखाद्या बेटावर जायचं, पाण्यात तोंड घालून प्रवाळ आणि मासे बघायचे, म्हणजे स्नॉर्केलिंग करायचं, इथवर सगळ्यांचं एकमत असतं. कुठलं बेट, हे विचारलं की एजंट म्हणतो, "मॅडम, सब सेम है."

सेम अजिबात नाहीये. मी दोन फेऱ्यांमध्ये तिन्ही ठिकाणं केली. पहिल्यांदा नवरा, लेक आणि सासू-सासऱ्यांबरोबर नॉर्थ बे आणि एलिफंट बीच, दुसऱ्यांदा बहीण आणि नऊ वर्षांची भाची यांच्याबरोबर जॉली बॉय. त्यामुळे माझी मतं पक्की आहेत आणि ती मी लपवणार नाही.

आधी नावांचा घोळ. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि रॉस आयलंडचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप होऊन आता बरीच वर्षं झाली, 2018 च्या डिसेंबरात ती नावं बदलली. पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम आहे. तिकिटावर नवं नाव असतं, टॅक्सीवाल्याच्या तोंडी जुनं. मीही इथे जुनंच वापरतेय.

नॉर्थ बेचं पटकन उरकते. शहरातल्याच जेट्टीवरून बोट सुटते, अर्ध्या तासाच्या आत तुम्ही पलीकडे. जुन्या लालसर वीस रुपयांच्या नोटेमागे नारळाची झाडं आणि दीपगृह होतं ना, ते इथलंच. 2019 च्या नव्या नोटेवर त्या जागी आपलं वेरूळ आलं, पण आमच्या बोटवाल्याच्या पाकिटात ती जुनी नोट जपून ठेवलेली होती आणि ती समोर धरून फोटो काढायला तो प्रत्येकाला देत होता. किनाऱ्यावर जत्रा असते: सी-वॉक, काचेच्या तळाची बोट, जेट स्की, स्कूबा, आणि प्रत्येकाचा वेगळा काउंटर. "स्नॉर्केलिंग पॅकेजमध्ये धरलंय" असं आम्हाला सांगितलं होतं. तिथे गेल्यावर कळलं, धरली होती फक्त रबरी ट्यूब, गाईडचे पैसे वेगळे. ते दिले, पाण्यात उतरलो, तर बोटींच्या वर्दळीने वाळू ढवळलेली. राखाडी दगडांसारखे मेलेले प्रवाळ आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे पाच-सहा मासे दिसले. पंधरा मिनिटांत बाहेर.

पण त्याच तिकिटात रॉस होतं, आणि तिथे दिवस वसूल झाला. ब्रिटिशांचं मुख्यालय होतं ते. 1941 चा भूकंप आणि पाठोपाठ 1942 मध्ये आलेले जपानी, यात ते ओस पडलं. आता चर्चच्या आणि साहेबांच्या बंगल्यांच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी असं कवटाळलंय की भिंत मुळांवर उभी आहे की मुळं भिंतीवर, सांगता येत नाही. सासूबाई एका चौथऱ्यावर बसल्या तर चितळ येऊन त्यांच्या पिशवीचा वास घ्यायला लागलं. त्यांना आख्ख्या अंदमानातलं तेवढंच आठवतं. तेव्हा नॉर्थ बे-रॉस जरूर करा, पण ते रॉससाठी. पाण्याखालचं बघायचे पैसे दुसरीकडे राखून ठेवा.

एलिफंट बीच हॅवलॉकवर आहे, म्हणजे आधी पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक गाठायला हवं. खाजगी फेरीने दीड-दोन तास, सरकारी बोटीने त्याहून जास्त. एका दिवसात जाऊन परत येता येतं असं लोक सांगतात. येतं, पण त्यात अर्धा दिवस फेरीच्या खुर्चीत जातो. हॅवलॉकला किमान एक मुक्काम असेल तरच एलिफंट बीच धरा. हॅवलॉकच्या जेट्टीवरून स्पीडबोटीने पंधरा-वीस मिनिटं लागतात. दुसरी वाट हॅवलॉकवरच्याच राधानगर किनाऱ्याच्या रस्त्यावरून जंगलातून, दोनेक किलोमीटर पायी. पाऊस पडून गेला असेल तर ती वाट चिखलाची होते.

एके काळी या बेटांवर लाकडं ओढायला हत्ती आणले होते, त्यांच्यावरून हे नाव. किनाऱ्यावर उन्हात पांढरे पडलेले मोठाले ओंडके आडवे आहेत, ते मात्र हत्तींनी नाही, 2004 च्या त्सुनामीने पाडलेले. प्रवाळ काठापासून इतके जवळ आहेत की पोहता न येणारा माणूसही पाच मिनिटांत मासे बघू लागतो. मालवणला सिंधुदुर्गाजवळ स्नॉर्केलिंग केलं असेल तर पद्धत ओळखीची वाटेल. तुम्ही रिंग धरून पालथं पडायचं, गाईड एका हाताने रिंग ओढत नेतो आणि दुसऱ्या हाताने खाली बोट दाखवतो. फरक पाण्यात. मालवणचं वाईट म्हणत नाही, पण तिथे पाणी कसं लागेल हे नशिबावर असतं, आणि इथे चांगल्या दिवशी तळातली वाळू मोजून घ्यावी इतकं नितळ असतं.

माझ्या लेकीला पाण्याची भीती होती. लाइफ जॅकेट, रिंग आणि गाईड पोराने दिलेला धीर यावर ती अर्धा तास पाण्यात राहिली आणि बाहेर आल्यावर रिंग परत द्यायला तयार होईना. एलिफंट बीचची ही जमेची बाजू मी कधीच नाकारणार नाही. खर्चाची बाजू म्हणजे गर्दी. डोकं वर काढलं की जेट स्कीचा आवाज, आणि पॅकेजमधलं फुकट स्नॉर्केलिंग हे मुख्यतः व्हिडिओ काढण्यापुरतं असतं. लांबची फेरी हवी असेल तर तसं आधी ठरवा. सकाळची पहिली बोट पकडा. अंदमानात सूर्य आपल्यापेक्षा फार लवकर उगवतो आणि हिवाळ्यात पाचच्या सुमाराला मावळतोही, तेव्हा "नाश्ता करून आरामात निघू" हा बेत तिथे चालत नाही.

इथे जरा मास्कबद्दल, कारण तिन्ही ठिकाणी माणसांचा दिवस यावरच बनतो किंवा बिघडतो. सासऱ्यांना झुपकेदार मिशी. मास्कची रबरी कड नाकाखाली मिशीवर बसते, तिथे हवा बंद होत नाही आणि केसांमधून पाणी आत झिरपतं. दर दोन मिनिटांनी ते उभे राहायचे, मास्कमधलं पाणी ओतायचे आणि गाईडला म्हणायचे, "गळतंय." मिशीला व्हॅसलिन चोपडल्यावर थोडं भागलं. चष्मेवाल्यांची अडचण वेगळी: चष्म्यावर मास्क बसत नाही, त्यामुळे जास्त नंबर असेल तर नंबरचा मास्क इथूनच मागवून न्या, नाहीतर मासे म्हणून रंगीत धुकं बघाल. काच धुरकट होऊ नये म्हणून आत थुंकून बोटाने चोळायचं आणि विसळायचं. भाचीला याची शिसारी आली, पण करून बघितल्यावर ती सगळ्यांचे मास्क चोळायला पुढे.

आता जॉली बॉय. हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. 1983 मध्ये झालेलं हे उद्यान म्हणजे पंधरा बेटं आणि त्यांच्यामधला समुद्र. पर्यटकांना उघडी असतात ती दोनच बेटं, तीही आळीपाळीने. साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत जॉली बॉय आणि पावसाळ्याच्या बाजूला रेडस्किन, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे नीट बघावं, कारण नेमक्या त्याच सुमाराला अदलाबदल होते. सोमवारी सगळं बंद. वनखात्याचा परवाना आधी काढावा लागतो आणि रोजची माणसं मर्यादित असतात, तेव्हा आदल्या रात्री ठरवून चालत नाही.

बोट वंडूरहून सुटते. पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटर, म्हणजे पहाटे उठणं आलं. वंडूरला पिशव्यांची झडती होते, प्लास्टिक नेऊ देत नाहीत. बाटल्या मोजून अनामत ठेवून घेतात. बहिणीचा चिवडा प्लास्टिकच्या पिशवीत होता. तपासणाऱ्या बाईंनी पिशवीकडे बोट दाखवलं, बहिणीने डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या एका बाजूला सारल्या आणि चिवडा त्याच डब्यात ओतला. आलेपाकाच्या वड्याही कागदातून काढून रुमालात बांधल्या. बेटावर खानावळ नाही, टपरी नाही, चहा नाही. स्टीलचा डबा न्याच.

पुढचा तासाभराचा प्रवास मला स्नॉर्केलिंगइतकाच आवडला. दोन्ही बाजूंना बेटं, जंगल थेट पाण्यापर्यंत उतरलेलं, तिवरांची मुळं उघडी पडलेली, आणि मध्ये शांत हिरवं पाणी. शेवटच्या टप्प्यात मोकळा समुद्र लागला तशी बोट डुलायला लागली. ज्यांना बोट लागते त्यांनी निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी, डुलायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नसतो. बेटाला धक्का नाही, त्यामुळे मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या छोट्या बोटीत उतरून काठाला जायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे उतरणं-चढणं जड जातं. सासूबाईंना मी इथे आणलं नसतं.

पाण्यात उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती शांतता, आणि मग त्या शांततेतला एक आवाज: कोणीतरी खडीसाखर चावतंय असा, कर्र, कर्र. पोपटमासा होता, हिरवा-निळा, हातभर लांब. चोचीने प्रवाळ खरवडत होता. पोटातून हाच चुरा वाळू होऊन बाहेर पडतो, आणि अशा बेटांवरच्या पांढऱ्या वाळूतला काही भाग त्याचाच असतो. भाचीला हे सांगितल्यावर तिने किनाऱ्यावर पाय ठेवताना तोंड वाकडं केलं. थोडं पुढे एक भला मोठा शिंपला, निळ्या मखमलीच्या ओठांचा. माझी सावली त्याच्यावर पडली आणि ओठ मिटले. मी बाजूला झाले, तसे सावकाश उघडले. गाईड माझी घाई करत नव्हता. बेटावर आमच्या बोटीखेरीज फारसं कोणी नव्हतंच.

सगळं रंगीबेरंगी होतं असं मात्र नाही. 2010 च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, त्यानंतरही असे उन्हाळे आले. जॉली बॉयलाही शिंगांसारखे फाटे फुटलेल्या मेलेल्या प्रवाळांचे ढीग दिसतात. टीव्हीवर असतं तसं केशरी-जांभळं रान डोक्यात घेऊन गेलात तर तिन्ही ठिकाणी हिरमुसाल. पण जिवंत प्रवाळ सर्वांत जास्त मला इथेच दिसले. तेव्हा त्यांच्यावर उभं राहू नका, आणि तेलकट सनस्क्रीनचे थर देण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. पाठ भाजते ती पालथं पडून, हे रात्री कळतं.

अजून एक. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलू नका. वन्यजीव कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगेतून निघाले तर उत्तरं द्यावी लागतात. भाचीने पुऱ्यांच्या रिकाम्या डब्यात मूठभर भरले होते. बोटीत चढताना गार्डने डबा उघडायला लावला. ती रडवेली होऊन ते परत वाळूत ओतत होती आणि गार्डही कसनुसा चेहरा करून दुसरीकडे बघत होता.

मगरीची चौकशी हमखास होते. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, आणि 2010 मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका पर्यटकाचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. म्हणून पाटी असेल तिथे पाण्यात उतरू नये, तिवरांच्या खाडीजवळ तर मुळीच नाही, आणि गाईड जिथे नेतो तिथेच राहावं. हे तिन्ही ठिकाणांना लागू आहे.

तर माझा हिशोब असा. पोहायला येत असेल किंवा पाण्यात तासभर रमणारी माणसं बरोबर असतील, तारीख हंगामात बसत असेल आणि सोमवार नसेल, तर जॉली बॉय, दुसरा विचार नको. परवान्याची कटकट आहे म्हणून कंटाळू नका, तिथलं पाणी नितळ आहे ते त्या कटकटीमुळेच. लहान मुलं, पाण्याला घाबरणारा नवरा आणि हॅवलॉकचा मुक्काम असेल तर एलिफंट बीच. दोन्हीला वेळ नसेल तर नॉर्थ बेला स्नॉर्केलिंग करण्यापेक्षा तो वेळ रॉसवर घालवा. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी स्नॉर्केलिंग बिनधास्त करता येतं. स्कूबा केलं असेल तर मात्र 18 ते 24 तास विमान टाळायला सांगतात, तेव्हा ते दिवस आधीच मागे-पुढे करून घ्या. आणि रोख पैसे जवळ ठेवा, बेटांवर मोबाईलची रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही.

येत्या फेब्रुवारीत आम्ही सगळे परत जायचं म्हणतोय. सासऱ्यांनी परवा हळूच विचारलं, मिशी काढली तर जॉली बॉयला नेशील का. सासूबाई आतून म्हणाल्या, "मिशी राहू दे, माझ्याबरोबर रॉसला चला."