मे महिन्यातली रीफ टाकी: पंखा की चिलर?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पहिली खाऱ्या पाण्याची, मासे आणि प्रवाळांची (म्हणजे रीफ) टाकी लावायची ठरली की सगळी चर्चा लाइट, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर आणि लाइव्ह रॉक, म्हणजे उपयोगी जिवाणू बसलेले दगड, यांभोवती फिरते. पाणी गार कसं ठेवायचं, हे बहुतेकांना मार्च उजाडल्यावर सुचतं. तोवर बजेट संपलेलं असतं, मग पंखा आपोआपच घरात येतो. पंखा वाईट म्हणून हे लिहीत नाहीये. पंखा आणि चिलर, म्हणजे फ्रिजसारखं कॉम्प्रेसरने पाणी गार करणारं यंत्र, मी दोन्ही वापरलेत, आणि हा निर्णय स्किमरच्याही आधी घ्यावा असं मला वाटतं.

१०० लिटरच्या आसपासची टाकी, क्लाउनफिशची जोडी, झोअँथिड, मशरूम, एखादं लेदर अशी मऊ प्रवाळं, असा साधा बेत धरतोय. दगडी प्रवाळांची घाई पहिल्या वर्षी नकोच. आपल्या समुद्रातलं दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, त्यामुळे दुकानदार ‘लोकल माल आहे’ म्हणाला तर हात जोडून निघा. बाहेरून आलेलं असेल तर कागदपत्रं मागा.

या मंडळींना २४ ते २७ अंश मानवतं. आमच्या हॉलमध्ये मे महिन्यात काहीच न करता पाणी ३१-३२ ला जाऊन बसायचं, कारण खोलीच्या उकाड्यात पंप आणि लाइटची उष्णता भर घालते. खुल्या समुद्रातसुद्धा नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एक अंश जास्त आणि तेही काही आठवडे टिकलं, की प्रवाळ पांढरे पडायला लागतात. त्यामुळे काहीतरी करावंच लागतं.

पंख्याचं काम माठासारखं. पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. दीड लिटर पाणी उडालं की जवळपास एक युनिट विजेएवढी उष्णता टाकीतून गेली, आणि त्यासाठी छोट्या पंख्याने दिवसभरात पाव युनिट खाल्लेलं असतं. इन्व्हर्टरवर चालतो, बिघडला तर दुसरा आणता येतो. मे महिन्यात माझ्याकडे त्याने पाणी २८-२९ पर्यंत आणलं होतं, आणि मऊ प्रवाळांनी ते चालवून घेतलं. पण माठाची जी अडचण तीच याची. पाऊस तोंडावर आला, कपडे वाळेनासे झाले, की पंखा फिरतोय आणि थर्मामीटर हलत नाही. आपल्याकडचे जूनचे पहिले दिवस पंख्यासाठी मे महिन्यापेक्षा वाईट, असा माझा तरी अनुभव आहे.

तेही एक वेळ चाललं असतं. मला जाच झाला तो आटणाऱ्या पाण्याचा.

उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. रोज दीड लिटर आटलं आणि भरलं नाही, तर १०० लिटरच्या टाकीत खारटपणा हजारी ३५ वरून पाच दिवसांत ३८ च्या जवळ जातो. म्हणून रोज भरायचं, आणि भरायचं तेही बिनमिठाचं, शुद्ध पाणी. घरच्या प्युरिफायरचं पाणी विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ५०-६० दाखवतं, टाकीला शून्य लागतं. म्हणजे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन आलं, साठवायला कॅन आले आणि आरओचं वाया जाणारं पाणी बादल्यांत धरून लादी पुसणं आलं. पंख्याच्या झोताने उडणारे तुषार सुकून टाकीच्या कडेवर, लाइटवर आणि मागच्या भिंतीवर मिठाची पांढरी पुटं चढायची ती वेगळीच.

आणि मग गणपती. कोकणात गाव असलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते आणि तुळशीला पाणी घाला एवढं त्यांना हक्काने सांगता येतं. पण ‘काकू, त्या निळ्या झाकणाच्या कॅनमधलंच पाणी, पट्टीच्या खुणेपर्यंत, नळाचं अजिबात नाही, मीठ घालू नका, रोज घाला पण एकदम ओतू नका’ एवढं सांगून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. गावी आरतीला उभा राहून मी मनात लिटर मोजायचो.

यावर ऑटो टॉप-अप लावतात, म्हणजे पातळी उतरली की कॅनमधून आपोआप पाणी भरणारा पंप, आणि तो खरंच कामाचा आहे. खारघरला वरच्या मजल्यावर राहणारा माझा एक मित्र पंखा आणि ऑटो टॉप-अप यांवर मजेत आहे. त्याच्याकडे समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळतो हेही सांगायला हवं. पण पंखा जोरात असला की कॅन तितक्याच लवकर रिकामा होतो. शिवाय त्याच्या पातळी ओळखणाऱ्या फ्लोटवर गोगलगाय बसली की तो अडकतो, हा प्रकार टाकी ठेवणाऱ्यांत बऱ्यापैकी परिचयाचा आहे.

चिलरचे दोष लपवत नाही. किंमत पाच आकडी, तेवढ्यात पंख्यावरची अख्खी टाकी उभी राहील. १/१० एचपीचा चिलर चालू असताना साधारण १५० ते २०० वॉट खातो, मे महिन्यात अर्धा दिवस चालला तर रोजची दोनेक युनिटं धरा. पाण्यातली उष्णता तो हॉलमध्ये सोडतो, आणि वन बीएचकेमध्ये ते घरच्यांना लगेच कळतं. आवाज आहे. लाइट गेली की तो गप्प, घरगुती इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका. मात्र १०० लिटर पाणी दोन-तीन तासांत फार तापत नाही. त्या वेळात जास्त गरज हवेची असते, बॅटरीवरचा एअर पंप पुरतो.

पण चिलरवर पाणी रोज जेमतेम अर्धा लिटर आटतं. खारटपणा आठवडाभरात फारसा हलत नाही. जून असो की ऑक्टोबर, आकडा तोच. छोटा टॉप-अप कॅन भरून मी आता गावी जातो आणि काकू फक्त माशांना खाणं घालतात, तेही मी पुड्या करून ठेवलेलं.

तुमची टाकी ५०-६० लिटरची असेल, हॉलमध्ये तसाही रात्रभर एसी चालत असेल, किंवा घरात कायम कोणीतरी असेल, तर पंखा घ्या, मी वाद घालणार नाही. बाकीच्यांनी लाइट थोडा हलका घेऊन चिलरचे पैसे बाजूला काढावेत, असं सुचवेन. घेताना कॉइल टायटॅनियमची आहे ना ते विचारा. कॅबिनेटमध्ये कोंडू नका, स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. खिडकीशी किंवा ड्राय बाल्कनीत ठेवून पाइप आत घ्या. २५ चा हट्ट नको, २७ वर लावा, कॉम्प्रेसरला दम मिळतो. घोडबंदर रोडला राहत असाल तर मागची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने झाडावी लागेल, तिथली धूळ तिला पुरून उरते.