भाडेकरू ठेवायचा, पण जेवणासह की नुसती खोली?

ब्रिटनमधल्या एका काकूंना पिप (अपंगत्व किंवा दीर्घ आजारासाठीचा सरकारी भत्ता) मिळतं, शिवाय हाउसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठीची सरकारी मदत, उत्पन्न वाढलं की घटते). रिकामी खोली द्यायची, पण कशी?

पिपला दोन्हीकडे धक्का नाही. ते उत्पन्न बघतच नाही.

खरा फरक हाउसिंग बेनिफिटमध्ये. आठवड्याला 100 पौंड भाडं धरा. नुसती खोली दिली तर 20 पौंड सोडून 80 उत्पन्नात धरतात. जेवणही दिलं तर 20 आणि उरलेल्याचे निम्मे सोडतात, म्हणजे धरतात 40च. पण रोजचा स्वयंपाक दुखऱ्या हातांनी कोण करणार?

एकट्या राहणाऱ्याची कौन्सिल टॅक्समधली (तिथल्या घरपट्टीतली) 25 टक्के सूट दोन्हीकडे बहुधा जाते.

हातपाय चालत असतील तर जेवणासह. नाहीतर नुसती खोली. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) घेणाऱ्यांना भाडेकरूकडून मिळणारं भाडं मुळात उत्पन्नात धरतच नाहीत, त्यांनी स्वयंपाकाच्या फंदात पडू नये.