जुनी बिलं स्कॅन करायची: मोबाईलने की शीट-फीड स्कॅनरने?

रोजची पाच-दहा बिलं असतील तर मोबाईल पुरेसा आहे. वेगळा खर्च नाही, आणि माल उतरवून घेतानाच चलनाचा फोटो निघतो. पण कपाटभर फायली घेऊन मोबाईलवर बसू नका. पान सरळ करा, सावली टाळा, कडा जुळवा. तासाभरात हात कंटाळतो आणि मग मधलीच पानं सुटायला लागतात.

शीट-फीड स्कॅनरमध्ये गठ्ठा ठेवला की पानं आपोआप ओढली जातात. पाठपोट छापलेलं असेल तरी बहुतेक मशीन दोन्ही बाजू एकाच फेरीत घेतात. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा, म्हणजे नंतर अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने छापील मजकूर शोधता येतो. मात्र आधी पिना काढाव्या लागतात, आणि खरी मेहनत तिथेच आहे. शिवलेली खातेवही तर यात जातच नाही. कार्बन कॉपीचा पातळ गुलाबी कागद अडकतो, कधी फाटतो. तो मोबाईलनेच काढावा. पेट्रोल पंपाच्या थर्मल पावत्या सगळ्यात आधी घ्या, त्यांची अक्षरं उडत जातात.

माझ्या मते जुना साठा स्कॅनरने, रोजचं काम मोबाईलने. फाईलच्या नावात आधी तारीख, मग पार्टी, मग बिल नंबर, हे दोन्हीकडे सारखंच. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, त्यामुळे दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर हवीच. भाडेकरार, खरेदीखत यांचे मूळ कागद मात्र स्कॅन झाले तरी रद्दीत घालू नका.