कडक कीटो की भाकरीवालं लो-कार्ब, टेन्शनमध्ये काय झेपतं?

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी लिहितोय, मी दोन्ही डाएट करून बघितलेत. कीटो म्हणजे दिवसाला २०-५० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं, म्हणजे धान्य-साखरेतून येतात ती), साधं लो-कार्ब म्हणजे १३० च्या आत.

कीटोमध्ये वजन पटकन उतरतं पण पहिल्या आठवड्यात त्यातलं बरंचसं पाणीच असतं, सोबत मीठही जातं म्हणून डोकं धरतं, चिडचिड होते, आणि त्यात नाइट शिफ्ट, झोप अर्धवट, मग कॉर्टिसॉल (टेन्शनचं हार्मोन) वाढतं आणि लिव्हर स्वतःच साखर बनवून रक्तात सोडतं, म्हणजे काही न खाता सकाळची शुगर वर! मला तर रडूच आलेलं.

दुसऱ्यात एक ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, अंडी, पनीर. मिसळ पण चालते, फक्त पाव सोडा. वजन हळू उतरतं पण घरच्यांसोबत जेवता येतं, आणि जेवल्यावर गोदाकाठी अर्धा तास चालायला अंगात जीव उरतो, त्याने शुगर आणि डोकं दोन्ही शांत होतं. मी तरी भाकरीवालंच सांगेन.

द्राक्षं मात्र जपून. आणि इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर दोन्हीपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते.