'स्वामी' की 'पानिपत': मुलांच्या हाती आधी कोणती द्यावी?

यवतमाळकडच्या आमच्या गावातील वाचनालयात नववी-दहावीची मुले दिवाळीच्या सुट्टीत ऐतिहासिक कादंबरी मागू लागली, की रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) द्यावी की विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८), असे पालक विचारतात. दोन्हींचा काळ एकमेकाला लागून आहे: १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौज हरली आणि त्याच वर्षी 'स्वामी'चे नायक माधवराव वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवे झाले. तरी बालपणीच्या वीरांचे दोन्ही पुस्तके जे करतात, ते अगदी उलट आहे.

'स्वामी'चा धक्का राघोबादादांना बसतो. ज्यांच्या १७५८ च्या उत्तरेकडील स्वारीमुळे 'अटकेपार झेंडे' आपल्या तोंडी बसले, तेच दादा इथे सत्तेसाठी पुतण्या माधवरावांशी लढताना दिसतात. मात्र एक वीर उतरला की दुसरा लगेच त्याच्या जागी बसतो, त्यामुळे वीराकडे भाबडेपणाने पाहण्याची मुलांची सवय तशीच राहते. शिवाय थेऊरला २७ व्या वर्षी क्षयाने गेलेल्या माधवरावांमागे रमाबाई सती गेल्या, तो शेवट मुलीच्या हाती देताना घरात त्यावर बोलणे झालेच पाहिजे. आमच्या प्रतीची नेमकी तीच पाने शिवणीतून सुटली आहेत, इतकी ती वाचली गेली.

विदर्भातील वाचकाने आणखी एक लक्षात घ्यावे: याच माधवरावांनी १७६९ मध्ये नागपूरकर जानोजी भोसल्यांवर चालून जाऊन त्यांना कनकापूरचा तह करायला लावला. (१७६३ मध्ये निजामाला मिळून पुणे लुटणारे जानोजीही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते.) कादंबरीतील नायक आपल्या मुलुखातून पाहिला तर कसा दिसतो, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.

'पानिपत' बरीच जाडजूड आहे आणि नावांच्या गर्दीत आठवीचे मूल हरवते, हे खरे. पण बोंडअळीने शेत खाल्ले की "यंदा कपाशीचं पानिपत झालं" असे म्हणणाऱ्या घरातील मुलाला सदाशिवरावभाऊ ठाऊक असतात ते केवळ हरलेले सेनापती म्हणून. ही कादंबरी त्यांना उभे करते, आणि तेही जयजयकाराने नव्हे: दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडलेली छावणी, तुटलेली रसद, सोबतचे यात्रेकरू, उपाशी घोडी. कडबा संपलेला गोठा ज्याने पाहिला आहे, त्याला पराभव तलवारीआधी चाऱ्यापाशी सुरू होतो, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

म्हणून वाचनाची सवय नसलेल्या मुलाला मी 'स्वामी' देतो, कारण तिची भाषा त्याला ओढून नेते. ज्याने दोन-चार जाड पुस्तके पार केली आहेत, त्याला मात्र आधी 'पानिपत'. दोन्हींतील संवाद लेखकांनी रचलेले आहेत, हे पुस्तक नोंदवहीत लिहून घेतानाच मी सांगून ठेवतो, नाहीतर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते भाऊसाहेबांच्या तोंडचे म्हणून उतरतात.